कोयनेच्या फुगवट्यात कातळावर आपटलेलं इंजिन: दुरुस्तीच्या नोंदी

12 एप्रिल

दुपारी तात्यांचा फोन. लाँच शेंबडीच्या अंगाला पाण्याखालच्या कातळावर गेली. माणसं सुखरूप, तळाला भोक नाही. पण "इंजान नुसतं बोंबलतंय, लाँच फुडं सरकंना." दुसऱ्या लाँचला दोर बांधून बामणोलीच्या धक्क्यावर ओढत आणली. चालवत होता धाकटा चुलतभाऊ, त्यामुळे फोनवर निम्मा वेळ त्याच्या उद्धारात गेला.

धाकट्याकडे फोन द्यायला लावला आणि तीनच गोष्टी विचारल्या. गिअर पुढचा होता की मागचा? इंजिन वर उसळलं का? आपटल्यावर किती वेळ चालू ठेवलं? गिअर पुढचा होता, रेस अर्ध्यावर. इंजिन उसळून परत खाली बसलं, त्याने एकदा रेस देऊन पाहिली आणि बंद केलं. हे बरं झालं. पुढच्या गिअरमध्ये इंजिन उसळायला मोकळं असतं, मागच्या गिअरमध्ये हूक अडकून ते जागेवर धरलं जातं. मागे घेताना असा फटका बसला असता तर इंजिन लटकतं ती मागची फळीच फाटली असती.

इंजिन यामाहाचं 40 अश्वशक्तीचं एन्ड्युरो. दोन सिलिंडर, 703 सीसी, टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारं. फुगवट्यात हे पुष्कळांकडे आहे, म्हणून निदान मापं घ्यायला शेजारचं इंजिन मिळेल.

कातळाचं म्हणाल तर तो कुठे जात नाही, पाणी जातं. धरण भरलं की पातळी 2163 फुटांवर असते आणि तो कातळ कुणाला ठाऊकही नसतो. उन्हाळ्यात एकीकडे पोफळीला विजेसाठी पाणी जातं, दुसरीकडे खाली कृष्णाकाठच्या सिंचनाला. टेंभू-म्हैसाळचे पंप चालू झाले की सांगलीकर खूश आणि इकडे आमच्या लाँचवाल्यांची रोज नवी वाट. धाकट्याने मार्चमधल्या वाटेने लाँच नेली, एवढाच त्याचा गुन्हा.

14 एप्रिल

आंबेडकर जयंतीची सुट्टी. सकाळीच यवतेश्वर घाट चढून कासवरून बामणोली. बरोबर पान्यांची पेटी, डायल गेज (मिलिमीटरचा शतांश दाखवणारं काट्याचं माप), ऑइल काढायला पांढरी ट्रे. पांढरीच का, ते पुढे.

वरवर दिसणारं नुकसान: पंख्याची (प्रॉपेलरची) दोन पाती मुडपलेली, तिसऱ्याचा टवका उडालेला. पंख्याखालचं पातं, कंपनीच्या पुस्तकात ज्याला स्केग म्हणतात ते, तिसऱ्या हिश्शाएवढं गायब. तुटका तुकडा तळाशी.

तात्यांचं मत ठाम: "नवा पंखा टाक, पातं वेल्डिंग कर, संध्याकाळपर्यंत लाँच पाण्यात." मेच्या सुट्ट्या तोंडावर, त्यांचंही बरोबर. पण फटका पंख्यापाशी थांबत नाही. पंख्याच्या आत रबरी बुश, तिथून आडवा शाफ्ट, त्यावरचा क्लच डॉग, पुढचा गिअर, पिनियन (उभ्या शाफ्टच्या टोकाचा छोटा गिअर), उभा शाफ्ट आणि शेवटी क्रँक, अशी साखळी आहे. रबर मध्ये घातलेलंच असतं ते फटका खाऊन सुटण्यासाठी. ते वेळेवर सुटलं की उशिरा, ते आतली कडी न् कडी पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

आधी बुश. प्लग काढले, पंखा उतरवला, गिअर पुढे टाकून आडवा शाफ्ट हाताने फिरवला. वरचं फ्लायव्हील फिरलं. म्हणजे साखळी जोडलेली आहे, बुशच सुटलं. "बोंबलतंय पण सरकंना" याचं उत्तर मिळालं.

पंखा काढल्यावर मागे शाफ्टवर तंगूस. मासे धरायच्या गळाचा नायलॉन दोरा, घट्ट वेढे बसलेले, उन्हाने नाही तर घर्षणाने पिवळा पडून वितळलेला. वॉशरच्या मागे सरकून थेट सीलच्या, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याच्या, ओठापर्यंत गेलेला. हा काही परवाचा नाही. नखाने उकलेना, ब्लेडने कापून काढला.

मग ऑइल. खालचा स्क्रू सोडला आणि पांढऱ्या ट्रेमध्ये दूध घातलेल्या चहासारखं पडलं. पाणी मिसळलंय. तात्या म्हणाले, "बघ, दगडानं शील फुटलं." मी काही बोललो नाही. आपटल्यावर इंजिन मिनिटभरही चाललेलं नाही. एवढ्यात पाणी आत शिरेल, पण ऑइलमध्ये घुसळून इतकं एकजीव व्हायला गिअर बराच वेळ फिरावे लागतात. ड्रेन स्क्रूच्या चुंबकावर करडा गाळ होता, तो नेहमीचाच. त्यात नखाएवढी चकाकती कपची होती, ती नेहमीची नाही.

शाफ्ट वाकलाय का, हे धक्क्यावरच कळतं. पेन्सिल पट्टीने बांधली, टोक शाफ्टच्या अंगाला जेमतेम लागेल असं, आणि न्यूट्रलमध्ये हळू फिरवला. एका बाजूला टोक टेकतं, दुसऱ्या बाजूला उजेड दिसतो. वाकलाय.

गिअरपेटी उतरवून घेतली. ट्रिम टॅबच्या (लाँच सरळ ठेवणाऱ्या छोट्या पात्याच्या) जागेवर आधी खडूने खूण, गिअरच्या दांड्याचा जोड सुटा, मग बोल्ट. सगळे बोल्ट विनातक्रार सुटले. गोड्या पाण्याचं हे एक सुख. कोकणात हेच काम असतं तर निम्मा दिवस गॅसने बोल्ट तापवण्यात गेला असता.

मागची फळी, जिला इंजिन लटकतं, ती पान्याच्या मुठीने ठोकत गेलो. आवाज सगळीकडे भरीव. फक्त उजव्या वरच्या बोल्टभोवती फायबरच्या रंगात केसासारख्या चिरा. त्या बोल्टच्या भोकातून आतलं प्लायवूड खरवडलं, भुसा कोरडा निघाला. म्हणजे चिरा रंगापुरत्याच. इपॉक्सीने बुजवायला धाकट्याला सांगितलं.

गिअरपेटी पोत्यात गुंडाळून संध्याकाळच्या एसटीने साताऱ्याला.

15 एप्रिल

रात्री कामावरून आल्यावर पेटी उघडली. आडव्या शाफ्टची टोपी दोन बोल्टवर, पण पुलरशिवाय बाहेर येत नाही. मागून हातोडी मारण्याचा मोह आवरावा, टोपीचा कान तुटतो.

टेबलावर मांडून एकेक बघितलं. मला दोन ढीग करायचे होते: दगडाने केलेलं एकीकडे आणि आधीपासून असलेलं दुसरीकडे. कारण तात्या सगळा खर्च धाकट्याच्या नावावर लिहून बसलेत.

टोपीतलं बेअरिंग: कड्यांवर तांबूस गंज, खड्डे पडलेले. दोन दिवसांच्या पाण्याने असा गंज चढत नाही. आधीचं.

सील दोन असतात, पाठीला पाठ लावून. बाहेरच्याचा ओठ तंगुसाने चिरलेला, आतला कडक झालेला. आधीचं.

क्लच डॉग, हा महत्त्वाचा. याचे दात पुढच्या गिअरच्या दातांत अडकतात आणि पंखा फिरतो. एका दाताचा कोपरा उडालेला, तुटल्याची जागा चकचकीत. चुंबकावरची कपची तिथेच नीट बसली, ताडून पाहिली. हे दगडाचं. पण बाकीच्या दातांच्या कडा गोल झालेल्या आहेत आणि त्यांच्यावर जुना मळकट झिलईचा रंग आहे. हे वर्षानुवर्षं गिअर हळूच, जपून, सरकवत टाकण्याने होतं. मोटारगाडीत ती सवय चांगली, इथे उलट. डॉगचे दात फिरत्या गिअरवर खडखडत राहतात आणि कोपरे झिजतात. दांडी न्यूट्रलमध्ये कमी रेसवर आणायची आणि खटकन पुढे टाकायची. या लाँचवर असा हळूवार गिअर टाकणारा माणूस कोण, ते बामणोलीत कुणालाही विचारा.

पुढचा गिअर, मागचा गिअर, पिनियन: भिंगाखाली दात स्वच्छ. हायसं वाटलं, कारण खरा पैसा तिथे जातो.

17 एप्रिल

आडवा शाफ्ट माझ्या कामाच्या कंपनीतल्या व्ही-ब्लॉकवर (खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवून डायल गेज लावलं. सुपरवायझरला आधी विचारलं होतं. पुस्तकातली मर्यादा 0.02 मिलिमीटर. काटा 0.19 पर्यंत गेला. डोळ्यांना सरळ दिसणारा शाफ्ट.

प्रेसवर सरळ करून घे, असं दोघांनी सुचवलं. करता येतो, कोकणात मचव्यांवर असे शाफ्ट चालतातही. पण हा सीलमधून जाणारा शाफ्ट आहे. दर फेऱ्याला ओठ एका बाजूने दाबला जातो, दुसऱ्या बाजूने सुटतो. शतांशात सरळ झाला नाही तर नवं सील एका हंगामात गेलं, पुन्हा पाणी, पुन्हा बेअरिंग. शिवाय बेअरिंग जिथे बसतं तिथे जुन्या गंजाने खड्डे पडलेत, ते प्रेसने भरत नाहीत. नवाच घ्यायचा.

उभा शाफ्ट त्यातल्या त्यात बरा. त्याला मर्यादा अर्धा मिलिमीटर, आणि हा तिच्या खूप आत. वरच्या टोकाच्या स्प्लाइन (उभ्या खाचा) पिळवटल्यात का ते पट्टी लावून पाहिलं. सरळ. रबरी बुशने आपलं काम बऱ्यापैकी वेळेवर केलं म्हणायचं.

रत्नागिरीच्या एका दुकानाला यादी पाठवली: आडवा शाफ्ट, डॉग, टोपीतलं बेअरिंग, सील, ओ-रिंग, पाण्याच्या पंपाचं इंपेलर, ड्रेन स्क्रूंचे वॉशर, पंखा. पंख्याचं माप त्याच्यावरच कोरलेलं असतं, व्यास आणि पिच (एका फेऱ्यात पुढे सरकायचं अंतर) इंचात. त्याच मापाचा मागवला. तात्यांना एक नंबर मोठा हवा होता, "पळंल जरा." बारा माणसं बसवून घाटातल्या वाऱ्यावर जाणाऱ्या लाँचला मोठा पिच लावला की इंजिन कण्हत चालतं.

इंपेलर अजून चालण्यासारखं होतं. पण पेटी उघडलीच आहे, तर थोड्या पैशांकडे बघून ते परत घालणं मला पटत नाही.

20 एप्रिल

पंख्याखालच्या पात्याचं काम. जुन्या एमआयडीसीत आर्गॉन वेल्डिंग करणारे एक काका आहेत, दुधाच्या टाक्या आणि मोटारींचे चेंबर करण्यात हात बसलेला. पेटी बघितल्या बघितल्या विचारलं, "आतलं सगळं काढलंय ना?" सील, बेअरिंग, गिअर काहीही आत असताना वेल्डिंग केलं तर उष्णतेने सगळं गेलं. काढलं होतं.

तुटक्या कडेवर त्यांनी आधी लाल रंगाचं भेदक द्रव्य मारलं, पुसलं, वर पांढरी पावडर. ओलसर लाल रेघ उमटली, तुटक्या कडेपासून वर बोटभर गेलेली. नुसता तुकडा जोडला असता तर पुढची ठोकर त्या रेघेवरून. गंमत म्हणजे तुटक्या कडेचाही निम्मा भाग ताजा करडा, निम्मा काळपट. काळपट भाग म्हणजे जुनी चीर. हे पातं आधी कधीतरी ठेचलेलं आहे आणि तेव्हा कुणी फोन केला नव्हता.

मापासाठी पुठ्ठा मी आधीच शेजारच्या लाँचच्या तशाच इंजिनावर धरून कापून आणला होता. काकांनी ॲल्युमिनियमच्या जाड पत्र्यातून तुकडा कापला, चीर ग्राइंडरने मुळापर्यंत खोदून काढली, दोन्ही कडा तिरप्या केल्या. मग थिनर आणि स्टीलचा ब्रश, पुन्हा थिनर. पहिला टाका मारला तर बुडबुडे आणि काजळी. ओतीव ॲल्युमिनियममध्ये ऑइल मुरलेलं असतं, तापलं की ते आतून पाझरतं. काकांनी तो टाका खरवडून टाकला, नुसत्या गॅसने जागा हळूहळू तापवली, वर आलेलं ऑइल पुसलं, परत तापवली, परत पुसलं. हेच जास्त वेळ चाललं. मग मात्र नाण्यांची चळत आडवी पडावी तसे टाके बसले नाहीत, जरा ओबडधोबडच बसले. "ओतकामावर याहून देखणं होत नाय," काका म्हणाले. घासल्यावर कळणारही नाही, आणि पाण्याखाली बघणार कोण.

सिलिकॉनवाली तार वापरली. गोड्या पाण्याला ती चालते, समुद्राला दुसरी लागली असती.

पातं हे शोभेचं नाही. पंख्याच्या आधी तेच दगडाला भिडतं, आणि लाँच सरळ चालायलाही त्याचा आधार. तात्या मध्यंतरी "लाँच डावीकडं वढती" म्हणून तक्रार करायचे, त्याचं मूळ त्या जुन्या ठेचेत असू शकतं.

26 एप्रिल

पार्सल आलं. सील दुसऱ्याच मॉडेलची, बाकी बरोबर. सील साताऱ्यातच बेअरिंगच्या दुकानात मापावर मिळाली: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी दिली की झालं.

27 एप्रिल

जोडणी. पेटी तीच, गिअर तेच, म्हणून शिम (गिअरमधलं अंतर राखणाऱ्या पातळ चकत्या) जशाच्या तशा परत. तरी पिनियन धरून पुढच्या गिअरची हालचाल डायल गेजवर पाहिली, पुस्तकातल्या मर्यादेत आहे. दातांवर निळा रंग लावून फिरवला. ठसा दाताच्या मधोमध.

सीलच्या ओठांना ग्रीस, आणि शाफ्ट आत घालताना स्प्लाइनवर इन्सुलेशन टेप, नाहीतर नव्या सीलला पहिली जखम आपल्याच हातून होते. इंपेलर बसवताना उभा शाफ्ट घड्याळाच्या दिशेने फिरवत आवरण खाली आणायचं, म्हणजे पाती योग्य बाजूला मुडपतात.

आता हवेची परीक्षा, ऑइल घालण्याआधी. लेव्हलच्या (ऑइलची पातळी बघायच्या) भोकात नळी, सायकलचा पायपंप, मध्ये लहान गेज. चौरस सेंटिमीटरला 0.7 किलोपर्यंत दाब, त्याहून जास्त नाही, नाहीतर सीलच उलटतात. पुस्तक दहा सेकंद थांबायला सांगतं. मी साबणाचं पाणी फिरवत चहा होईपर्यंत ठेवला. काटा हलला नाही. शाफ्ट फिरवत असतानाही नाही, हे जास्त महत्त्वाचं. वेल्डिंगवर एकही बुडबुडा नाही.

ऑइल 90 नंबरचं, खालच्या भोकातून वर भरायचं. वरून ओतलं की हवा अडकते आणि पेटी भरली असं वाटून निम्मीच राहते. वरच्या भोकातून बुडबुड्यांविना ओघळलं, तेव्हा आधी वरचा स्क्रू लावला, मग खालची नळी काढून खालचा.

1 मे

महाराष्ट्र दिनाची सुट्टी, धक्क्यावर वासोट्याला निघालेल्यांची गर्दी. पेटी चढवली. गिअरचा जोड लावून तिन्ही जागा हाताने तपासल्या: पुढे, मध्ये, मागे. मधल्या जागेवर शाफ्ट मोकळा फिरला पाहिजे, फिरला.

नव्या पंख्यावर एक खूण केली. आतली नळी आणि बाहेरचा गाभा, दोन्हींवरून जाणारी पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ. रबर सटकलं की रेघेचे दोन तुकडे सरकलेले दिसतात. पुढे कधी "सरकंना" झालं तर पंखा काढण्याआधी हीच बघायची.

पाण्यात सोडून चालू केलं. इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची धार लगेच आली. बामणोलीत धारेला काय म्हणतात ते इथे लिहीत नाही, पण ती येईपर्यंत कुणी रेस देत नाही, ही शिस्त सगळ्यांना आहे. तापोळ्याच्या दिशेने गेलो, आधी रिकामी, मग सहा माणसं बसवून. हातात दांडीला थरथर नाही. पूर्ण रेसवर आवाज एकसारखा. हात सोडला तरी लाँच सरळ.

परत आल्यावर लेव्हलचा स्क्रू सोडून थेंबभर ऑइल पांढऱ्या ट्रेवर. स्वच्छ.

मग तात्यांसमोर दोन्ही ढीग मांडले. एका कापडावर वाकलेला शाफ्ट, मुडपलेला पंखा, डॉगची कपची. दुसऱ्यावर गंजलेलं बेअरिंग, चिरलेलं सील, तंगुसाचा पुंजका आणि गोल झालेला डॉग. डॉग कुठल्या कापडावर ठेवायचा, यावरून वाद झाला. तात्यांनी तो उचलून दगडाच्या कापडावर ठेवला, मी परत उचलून मध्ये ठेवला. धाकटा तोंड दाबून बघत होता. शेवटी तात्या म्हणाले, "आरं पर शील तंगुसानं गेलं असंल तर ती मासंवाल्याची चूक, माझी कशी?" एवढ्यावर सुटका झाली. खर्च लाँचच्या खात्यातून जाणार, पोराच्या हिश्शातून नाही.

4 मे

तात्यांचा फोन. ऑइल पुन्हा बघितलं, स्वच्छ. रेघ जागेवर. धाकटा म्हणतो, तात्या आता गिअर खटकन टाकतात आणि दर वेळी तोंड वाकडं करतात.

जुना पंखा काकांकडे सरळ करायला दिलाय. नवं रबर बसलं की तो लाँचमध्येच राहील, सोबत नट, कॉटर पिन आणि त्याच मापाचा पाना. मध्यावर पंखा गेला तर दोर टाकून दुसऱ्याची वाट बघायला नको.

शेंबडीच्या कातळाला धाकट्याने पाच लिटरचा पांढरा कॅन बांधलाय. पाणी उतरत जाईल तसा दोर आखूड करावा लागेल, नाहीतर तोच पंख्यात जायचा. बाकीच्या लाँचवाल्यांना सांगून झालं. पंखा उतरवून मागे तंगूस आहे का हे बघणं आता दर सोमवारचं काम, तेही धाकट्याकडे. जूनमध्ये लाँच वर ओढल्या की गिअरचं ऑइल बदलायचं आणि फळीवरच्या इपॉक्सीखाली ओल गेली का ते पाहायचं.